ट्रेड पगारावर जुळतो, एप्रनवर अडतो
वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

नाशिकच्या वाचकांची बास्केटबॉलवरची बहुतेक पत्रं सध्या एनबीएच्या ट्रेडवर असतात. अमुक खेळाडू देऊन तमुक का घेतला नाही, यावर मित्रामित्रांत जोरदार वाद होतात आणि मग निवाड्यासाठी ते आमच्याकडे येतात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं वर्ष सांगितलेलं नसेल तिथे आकडे २०२५-२६ हंगामाचे आहेत. मोजायला सोपं जावं म्हणून डॉलर लाख-कोटींत दिले आहेत.

आयपीएलच्या लिलावात संघाच्या खिशात ठरलेली रक्कम असते. २०२५ च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती, तिच्यापुढे एक रुपयाही नाही. एनबीएची कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर असताना काही संघांचा पगारखर्च १९-२० कोटींवर कसा जातो? मग कॅपला अर्थ काय?
— एक वाचक, गंगापूर रोड

एनबीएची कॅप बाहेरच्या खेळाडूला नव्याने घेण्यापुरती आडवी येते. स्वतःचा खेळाडू टिकवायचा असेल तर ती ओलांडता येते. यामागचा मोठा नियम म्हणजे बर्ड राइट्स. सेल्टिक्सच्या लॅरी बर्डवरून हे नाव पडलं. संघाने मध्येच करार मोडून न सोडता आणि स्वतःहून संघ न बदलता खेळाडूने तीन हंगाम काढले, की त्याचा संघ कॅप ओलांडून त्याला त्याच्या कमाल पगारापर्यंत करार देऊ शकतो. ट्रेडमध्ये गेला तरी त्याचे हंगाम मोडत नाहीत, हक्क नव्या संघाकडे जातो. म्हणूनच करार संपत आलेला खेळाडूही ट्रेडमध्ये मोलाचा ठरतो. शिवाय मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू घेण्याची ठरावीक रकमेची सवलत आहे (१ कोटी ४१ लाख), आणि किमान पगाराचे करार तर कोणालाही करता येतात.

पण वाद घालताना कॅपचा आकडा बाजूला ठेवा. तिच्यावर आणखी तीन रेघा आहेत आणि खरा खेळ तिथे चालतो. लक्झरी टॅक्स (जास्तीच्या पगारावर लीगला भरायचा दंड) १८ कोटी ७९ लाखांना सुरू होतो. त्याच्या वर दोन एप्रन, म्हणजे ट्रेडचे नियम कडक करणाऱ्या रेघा: पहिला १९ कोटी ५९ लाखांवर आहे आणि दुसरा २० कोटी ७८ लाखांवर. कुठल्याही ट्रेडबद्दल बोलण्याआधी तो संघ यांपैकी कुठल्या रेघेजवळ उभा आहे ते पाहा. आमच्याकडे येणारे निम्मे वाद तेवढ्यानेच मिटतील.

आम्ही मित्र इंटरनेटवरच्या ट्रेड मशीनवर ट्रेड जुळवतो. दोन्ही बाजूंचे पगार जवळपास सारखे असूनही ट्रेड नाकारला जातो. पंचवीस टक्क्यांची सूट असते ना?
— कॉलेज रोडवरचा विद्यार्थ्यांचा एक गट

पंचवीस टक्के हा अर्धाच नियम आहे, आणि तोही सगळ्यांना लागू नाही.

पहिल्या एप्रनच्या खाली राहणाऱ्या संघासाठी तीन पायऱ्या आहेत. साधारण ८३ लाखांपर्यंतचा पगार बाहेर पाठवला तर त्याच्या दुप्पट अधिक अडीच लाख इतका पगार आत घेता येतो. त्याच्या वर, साधारण ३ कोटी ३१ लाखांपर्यंत, पाठवलेला पगार अधिक ८५ लाख २७ हजार. त्याच्याही वर १२५ टक्के अधिक अडीच लाख. म्हणजे ६० लाखांचा खेळाडू दिला तर १ कोटी २२ लाख ५० हजारांपर्यंतचा घेता येतो. २ कोटींचा दिला तर २ कोटी ८५ लाख २७ हजारांपर्यंतचा. ४ कोटींचा दिला तर ५ कोटी अडीच लाखांपर्यंतचा. मधल्या पायरीतला ८५ लाखांचा आकडा २०२३-२४ मध्ये ७५ लाख होता. तो कॅपबरोबर वाढतो, म्हणून जुन्या लेखांतले आकडे वापरू नका.

आता या सवलतीची किंमत पाहा. पाठवला त्यापेक्षा जास्त पगार आत घेतला, की तो संघ त्या हंगामापुरता, ३० जूनपर्यंत, पहिल्या एप्रनवर हार्ड कॅप होतो. पुढे कोणी जायबंदी होवो की कोणी स्वस्तात मिळो, ती रेघ एका डॉलरनेही ओलांडता येत नाही. साइन-अँड-ट्रेडने, म्हणजे जुन्या संघाने नवा करार करून लगेच ट्रेडमध्ये दिलेला खेळाडू आणला तरी हेच बंधन लागतं.

पहिल्या एप्रनच्या वरच्या संघाला टक्केवारी नाहीच. पाठवला तेवढाच पगार किंवा त्याहून कमी आत घेता येतो. दुसऱ्या एप्रनच्या वर तर दोन पगारांची मोटही बांधता येत नाही. दोन-दोन कोटींचे दोन खेळाडू देऊन चार कोटींचा एक तारा घेणं बंद. उलट, चार कोटींचा एक देऊन दोन-दोन कोटींचे दोन घेता येतात. तुमचे ट्रेड बहुधा इथेच अडत असतील, कारण चाहत्यांचा आवडता ट्रेड नेहमी ‘तीन बरे देऊन एक भारी’ असाच असतो.

इथे बारकावा असा की संघाची जागा ट्रेडनंतरच्या पगारावर ठरते, आधीच्या नव्हे. ट्रेडमुळेच संघ दुसऱ्या एप्रनच्या खाली येत असेल तर मोट चालते. फक्त मग तो संघ दुसऱ्या एप्रनवर हार्ड कॅप होतो.

एवढं करूनही गाडी अडलीच, तर या गोष्टी तपासा. उन्हाळ्यात नव्याने करार केलेला खेळाडू सहसा १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाही, बर्ड राइट्सने मोठी पगारवाढ घेतलेले काही तर १५ जानेवारीपर्यंत. एकाच्या बदल्यात तिघे घेताना पंधरा खेळाडूंच्या यादीत तेवढ्या जागा रिकाम्या हव्यात. आणि एप्रन मोजताना, मिळण्याची शक्यता कमी मानलेले बोनसही पगारात धरले जातात. कॅपच्या हिशेबात ते नसतात, त्यामुळे संघ खाली दिसतो आणि असतो मात्र वर.

लुका डॉन्चिचच्या ट्रेडमध्ये यूटा जॅझ कशाला आले? आणि मॅव्हरिक्सचं खरंच चुकलं का? आमच्या घरात यावर दोन तट आहेत.
— एक वाचक, सिडको

त्या ट्रेडमध्ये मॅव्हरिक्सनी डॉन्चिच लेकर्सना देऊन अँथनी डेव्हिसला घेतलं. यूटाचं उत्तर निव्वळ बेरजेत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्स पहिल्या एप्रनच्या वर होते, म्हणजे पाठवला त्याहून जास्त पगार त्यांना घेता येत नव्हता. येणारे होते डॉन्चिच (४ कोटी ३० लाख ३२ हजार) आणि मॅक्सी क्लीबर (१ कोटी १० लाख), एकूण ५ कोटी ४० लाख ३२ हजार. त्यांच्यासोबत आलेला मार्कीफ मॉरिस किमान पगारावर होता आणि असा खेळाडू वेगळ्या सवलतीत बसतो, म्हणून त्याला मोजायची गरज नाही. जाणारे होते अँथनी डेव्हिस (४ कोटी ३२ लाख १९ हजार) आणि मॅक्स क्रिस्टी (७१ लाख ४३ हजार), एकूण ५ कोटी ३ लाख ६२ हजार. तूट जवळजवळ ३७ लाखांची. लेकर्सच्याच जेलन हूड-शिफिनोचा पगार होता ३८ लाख ८० हजार. तो घातल्यावर बेरीज ५ कोटी ४२ लाख ४२ हजार झाली आणि ट्रेड जेमतेम २ लाख १० हजारांच्या फरकाने बसला. त्या खेळाडूला जागा देणारा तिसरा संघ म्हणजे यूटा, आणि त्याबद्दल त्यांना दुसऱ्या फेरीचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचे हक्क) मिळाले. डेव्हिसच्या करारात ट्रेड झाल्यास वाढीव रक्कम मिळण्याची अट होती, तीही त्याने सोडली.

मॅव्हरिक्सबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: चुकलं. डॉन्चिच तिथेच राहिला असता तर त्याला पाच वर्षांचा सुमारे ३४ कोटी ५० लाखांचा सुपरमॅक्स द्यावा लागला असता, म्हणजे कॅपच्या ३५ टक्क्यांपासून सुरू होणारा पगार. हे ओझं खरं आहे आणि डेव्हिसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा तो मुख्य मुद्दा असतो. पण पंचविशीतला असा खेळाडू देताना पहिल्या फेरीचा एकच पिक (लेकर्सचा २०२९ चा) पदरात पडला, तोही इतर संघांत बोली न लावता. महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी बचाव मजबूत करण्याचं कारण दिलं होतं. ते खरं मानलं तरी भाव कमी पडला, हे त्याने बदलत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना पदावरून दूर केलं गेलं.

खेळाडूचंही नुकसान झालं. सुपरमॅक्स ड्राफ्ट केलेल्या संघाकडूनच मिळतो, किंवा पहिल्या कराराच्या काळात ट्रेडने घेतलेल्या संघाकडून. लेकर्सशी त्याने तीन वर्षांचा सुमारे १६ कोटी ५० लाखांचा करार केला. शेवटच्या वर्षाचा पर्याय त्याच्या हातात आहे, कारण २०२८ मध्ये त्याची लीगमधली दहा वर्षं पूर्ण होतात आणि मग ३५ टक्के कुठल्याही संघाकडून मिळू शकतात.

पहिल्या फेरीचे पिक नेहमी एक वर्ष सोडूनच का दिले जातात?
— एक वाचक, नाशिक रोड

स्टेपियन नियमामुळे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीचे पिक वाटून टाकले, त्यानंतर हे बंधन आलं. पुढच्या सलग दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचा एकही पिक नाही, अशी स्थिती होऊ द्यायची नाही. सात वर्षांपलीकडचा पिकही देता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सन्सनी केव्हिन ड्युरंटसाठी दिलेले पिक पाहा: २०२३, २०२५, २०२७, २०२९. मधल्या २०२८ साठी अदलाबदलीचा हक्क दिला, कारण त्यात स्वतःकडे पिक राहतोच, फक्त दोघांतला चांगला समोरच्याला जातो. २०२४ मध्ये निक्सनी मिकाल ब्रिजेससाठी दिलेले स्वतःचे पिकही २०२५, २०२७, २०२९ आणि २०३१ चेच होते.

दुसऱ्या एप्रनच्या वर हंगाम संपवला तर सातव्या वर्षाचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, ट्रेडमध्ये देता येत नाही. नंतरच्या चार हंगामांपैकी दोन हंगाम पुन्हा त्या रेघेवर गेलात, तर तो पिक पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो. सात वर्षांनी संघ कोसळला आणि हातात वरचा पिक यायला हवा, नेमका तेव्हा तो तिसावा निघतो. पैशापेक्षा हे भय मोठं आहे.

मालक अब्जाधीश असतात. टॅक्स भरून चांगला संघ का टिकवत नाहीत? सेल्टिक्सनी ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला सोडलं ते कंजुषीच म्हणायची ना?
— एक वाचक, इंदिरानगर

कंजुषी म्हणणं सेल्टिक्सवर अन्याय होईल. आधी हिशेब पाहू. टॅक्सच्या रेघेवर पगार एक कोटी डॉलरने गेला, तर पहिल्या ५६ लाख ८५ हजारांवर डॉलरमागे एक डॉलर आणि उरलेल्या ४३ लाख १५ हजारांवर सव्वा डॉलर, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख. मागच्या चार हंगामांपैकी तीनदा टॅक्स भरला असेल तर तेच दर तीन आणि सव्वातीन होतात आणि बिल ३ कोटी ११ लाखांवर जातं. पुढच्या टप्प्यांत दर साडेतीन, पावणेपाच असे चढतात. वारंवार भरणाऱ्यांना साडेपाच, पावणेसात.

हे भरण्याची ऐपत असणारे मालक आहेतच. पण दुसऱ्या एप्रनवर पैसे टाकून संघ सुधारता येत नाही: मोट नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देणं नाही, मिड-लेव्हल नाही. मे २०२५ मध्ये त्यांच्या जेसन टेटमचा टाचेमागचा स्नायुबंध, म्हणजे अ‍ॅकिलीस तुटल्यावर पुढचा हंगाम हातचा गेल्यासारखाच होता. अशा वर्षी रेघेखाली उतरून पिक मोकळे ठेवणं ही शहाणी चाल होती. एक लक्षात ठेवा, टॅक्स नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर लागतो. फेब्रुवारीत मधल्या पगाराचे खेळाडू दुसऱ्या फेरीच्या पिकासह कुठेतरी फुकट दिलेले दिसतात, ते यासाठीच.

बक्सनी डेमियन लिलार्डला पैसे देऊन घरी पाठवलं. हे ट्रेडपेक्षा बरं कसं?
— एक वाचक, पंचवटी

बरं नाही, नाइलाज होता. अ‍ॅकिलीस तुटलेला, दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख बाकी असलेला खेळाडू ट्रेडमध्ये द्यायचा तर सोबत पिक द्यावे लागतात, आणि बक्सकडे ते फारसे नव्हते. म्हणून स्ट्रेच, म्हणजे खेळाडूला सोडून त्याचे बाकी पैसे जास्त वर्षांवर पसरणं. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच वर्षांत रक्कम विभागली. दरवर्षी सुमारे २ कोटी २५ लाख, २०२९-३० पर्यंत. त्यातून झालेल्या जागेत माइल्स टर्नर आला. सन्सनी ब्रॅडली बीलबाबत हेच केलं: त्याने सुमारे १ कोटी ३९ लाख सोडले आणि उरलेले वर्षाला १ कोटी ९४ लाखांप्रमाणे पाच वर्षं चालणार.

हे पैसे पगारात मोजले जातात, पण मैदानावर कोणी येत नाही आणि ट्रेडमध्ये जुळवायलाही ते वापरता येत नाहीत. चांगल्या ट्रेडला मधल्या पगाराचे दोन-तीन करार हाताशी लागतात. स्ट्रेच नेमकी तीच जागा पाच वर्षं अडवतो. टर्नर चांगला आहे, तरीही हा सौदा आम्हाला महागच वाटतो.

ट्रेडची मुदत आपल्याकडे किती वाजता संपते?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

२०२५-२६ ची मुदत ५ फेब्रुवारी, न्यूयॉर्कच्या दुपारी तीनपर्यंत. आपल्याकडे तेव्हा ६ तारखेच्या पहाटेचा दीड वाजलेला असतो. बातम्या त्याआधी तासभर दाटीने येतात. मुदतीनंतरही काही ट्रेड जाहीर होतात, कारण लीगकडे नोंद आधी झालेली असते आणि मंजुरी मागाहून येते. करारमुक्त खेळाडूंचा बाजार ३० जूनला तिथल्या संध्याकाळी सहाला उघडतो, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला. बहुतेक सह्या मात्र ६ जुलैच्या रात्री साडेनऊनंतरच होतात.