कुठला ब्राउझर घ्यावा? जरा सविस्तर उत्तर देतो

जुन्या लॅपटॉपवर कुठला ब्राउझर घ्यावा असं तुम्ही विचारलंय, पण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, मशीनचा वेग, ब्राउझरची निवड, आणि जीएसटी-बँकेचं काम. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, आत साधी हार्ड डिस्क, क्रोम उघडलं की बराच वेळ काही हलत नाही. भाचा म्हणतो ब्रेव्ह टाक, सीएंच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो एज वापरा. आणि दुकानाचं जीएसटी, बँक, मुलांचा अभ्यास, बातम्या सगळं त्याच मशीनवर करायचंय. आधी वेगाचं बोलू कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी, फोनवरचं सॅमसंग इंटरनेट, ही नावं वेगळी पण आतलं इंजिन एकच आहे, ब्लिंक. इंजिन म्हणजे साइटकडून आलेला कोड वाचून अक्षरं कुठे, चित्र कुठे, बटण कुठे हे ठरवून पान उभं करणारा भाग, आणि त्याच्या जोडीला जावास्क्रिप्ट चालवणारा भाग. हे सगळे ब्राउझर क्रोमियम नावाच्या खुल्या प्रकल्पावर बांधलेत आणि तो प्रकल्प मुख्यतः गूगलच चालवतं. मायक्रोसॉफ्टचं एजसाठी स्वतःचं इंजिन होतं, २०२० मध्ये त्यांनीही ते सोडून क्रोमियम घेतलं. ओपेराने तर २०१३ लाच घेतलं होतं. मग क्रोम काढून एज टाकलं तर रॅम अचानक अर्धी लागेल असं होत नाही, कारण आत तेच चाललेलं असतं.

रॅम एवढी का लागते याला कारण आहे आणि ते चांगलं कारण आहे. २००८ मध्ये क्रोम आलं तेव्हा त्याने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रामसारखे, चालवायला सुरुवात केली, म्हणजे एक साइट अडकली तरी बाकीच्या चालू राहतात. पुढे २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष उघड झाला, तेव्हापासून वेगवेगळ्या साइट एकमेकींपासून आणखी तोडून ठेवतात, नाहीतर एखादी भामटी साइट शेजारच्या टॅबमधली बँकेची माहिती वाचू शकली असती. फायरफॉक्सही आता असंच करतं. म्हणून "हलका ब्राउझर" म्हणून कोणी अनोळखी काहीतरी सुचवलं तर तो हलका कशामुळे झालाय हे आधी विचारा.

तुमच्या मशीनसाठी माझं स्पष्ट मत, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली जलद डिस्क, टाका आणि जमलं तर रॅम ८ जीबी करा, कुठलाही ब्राउझर बदलून मिळणार नाही एवढा फरक त्याने पडेल. तोपर्यंत एक करून बघा, क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येतो, त्यात कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सोय) किती खातंय ते दिसतं. बहुतेक वेळा बातम्यांच्या साइटी आणि कधीतरी टाकून विसरलेली एक्स्टेन्शन वर दिसतात. ती काढा, सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू करा, तो न वापरलेले टॅब झोपवून रॅम मोकळी करतो. एक्स्टेन्शनबद्दल एक सांगून ठेवतो, ग्रेट सस्पेंडर नावाचं टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन खूप लोक वापरायचे, २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून गूगलने बंद केलं. म्हणजे टाकताना चांगलं असलेलं पुढेही चांगलंच राहतं असं नाही. मोजकीच ठेवा.

आता इंजिन एकच असलं तर काय बिघडलं असं वाटेल, पण आपल्या मराठी वाचकांनी हे आधी भोगलेलं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतरची काही वर्षं मराठी बातम्यांच्या साइटी युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखायची ठरलेली पद्धत) नसायच्या, प्रत्येकाचा आपला फॉन्ट, आणि तो फॉन्ट आपोआप उतरवायची जी पद्धत बऱ्याच साइटी वापरायच्या ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच कळायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला. त्या काळात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते, त्यामुळे साइटवाल्यांना दुसऱ्यांची फिकीर नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टलाही घाई नव्हती, सहावी आवृत्ती २००१ ची आणि सातवी आली थेट २००६ ला. मधल्या काळात २००४ मध्ये फायरफॉक्स आलं, लोक तिकडे जायला लागले तेव्हा कुठे हालचाल झाली. आणि त्या जुन्या पानांवरचा मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे सर्चमध्येही यायचा नाही, केवढं लिखाण त्यात गेलं.

म्हणून मला मनापासून वाटतं की ज्यांना जमेल त्यांनी वेगळ्या इंजिनाचा एक ब्राउझर वापरात ठेवावा. सामान्य माणसाच्या हातात आज तीनच इंजिनं आहेत, क्रोमवाल्यांचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. त्यातही ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं. विंडोजवर सफारी मिळत नाही, उरलं फायरफॉक्स. मराठी जोडाक्षरं सगळीकडे नीट दिसतात आता, ती काळजी नको, फायरफॉक्सचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात.

फायरफॉक्स सुचवायचं दुसरं कारण जाहिराती. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तिथे पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही-३ म्हणतात त्याला, त्यानंतर तिथे मूळ यूब्लॉक बंद झालं आणि त्याची कमी ताकदीची लाइट आवृत्ती चालते. ती अगदीच वाईट नाही, पण फरक जाणवतो. तुमच्या भाच्याचं ब्रेव्ह इथे चांगलं आहे, त्यात जाहिराती अडवायची सोय ब्राउझरच्या आतच आहे त्यामुळे त्याला एक्स्टेन्शनच्या नियमाची अडचण येत नाही. जाहिराती आणि ट्रॅकर (तुम्ही काय बघता यावर नजर ठेवणारा कोड) थांबले की पान कमी उतरतं, रॅम कमी लागते, तुमच्या मशीनवर हा फरक दिसेल, आणि ब्रेव्ह जलद वाटतं त्याचं मुख्य कारण हेच. त्यातलं क्रिप्टो, रिवॉर्ड वगैरे बंद करून टाका, काही अडत नाही.

ब्राउझर फुकट असतो, मग त्याचा खर्च कोण काढतं हे बघायची सवय ठेवा. गूगलची कमाई मुख्यतः जाहिरातींची आहे. दुसऱ्या साइटच्या ट्रॅकिंग कुकीज, म्हणजे तुमची ओळख लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी, सफारीने २०२० मध्ये सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, क्रोमने मात्र २०२० मध्ये काढू म्हटलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. अर्थात फायरफॉक्सवाल्या मोझिलाचंही बहुतेक उत्पन्न गूगल सर्च डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून निवडलेलं, ठेवण्याच्या करारातूनच येतं, आणि सफारीत तेच करण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. म्हणजे पूर्ण स्वच्छ कोणी नाही, तरी फरक आहेच. इन्कॉग्निटोबद्दलही विचारलंय, त्याने फक्त तुमच्या मशीनवर हिस्टरी राहत नाही, इंटरनेट कंपनीला आणि त्या साइटला तुम्ही दिसताच.

आता जीएसटी आणि बँक. सीएंकडचा मुलगा एज म्हणतोय ते उगाच नाही. जुन्या सरकारी साइटी इंटरनेट एक्सप्लोररसाठी बनलेल्या होत्या, तो २०२२ मध्ये बंद झाला आणि एजमध्ये त्याच्यासाठी आयई मोड, म्हणजे पान जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं उघडायची सोय, ठेवलाय, किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय. सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या भागात साइटचा पत्ता टाकायचा, ती नोंद ३० दिवस टिकते, मग परत टाकायची. पण जीएसटी पोर्टलला हे लागत नाही, ते नेहमीच्या ब्राउझरमध्ये चालतं. डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राने, सही करायची तर एमसाइनर नावाचं सॉफ्टवेअर मशीनवर वेगळं टाकावं लागतं, आणि दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ओटीपीवरच रिटर्न भरता येतं, डीएससीची सक्ती कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: एज विंडोजबरोबर आलेलंच आहे, ते फक्त जीएसटी आणि बँकेसाठी, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही, बाकी काही उघडायचं नाही. रोजचं वाचन, यूट्यूब, मुलांचा अभ्यास हे फायरफॉक्समध्ये यूब्लॉक टाकून, किंवा ते नाही रुचलं तर ब्रेव्हमध्ये. दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवू नका, ४ जीबीत नाही झेपणार. कुठलीही साइट "नोटिफिकेशन पाठवू का" विचारेल तिथे नाही म्हणा, कोपऱ्यात येणाऱ्या "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस" छाप पाट्या बहुतेक वेळा अशाच दिलेल्या परवानगीतून येतात.

अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्समध्येही यूब्लॉक चालतं, तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच नाहीत. बायकोच्या आयफोनचं म्हणाल तर भारतात आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच असतं, त्यामुळे सफारीच ठेवा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आत उघडणाऱ्या पानावर मात्र कधी पैसे भरू नका, लिंक बाहेर ब्राउझरमध्ये उघडून घ्या म्हणजे पूर्ण पत्ता तरी नीट वाचता येतो.

दुकानातल्या विंडोज ७ वाल्या पीसीचं वेगळं आहे. क्रोमची १०९ ही तिथली शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची, त्यानंतरचे सुरक्षेचे अपडेट तिथे नाहीत. फायरफॉक्सने ११५ नंबरची आवृत्ती त्यानंतरही मुदत वाढवत चालवली, पण विंडोजच जुनं असल्यावर त्यावर बँक उघडूच नका, बिलिंगपुरता ठेवा.

बदलताना बुकमार्क आणि पासवर्ड आयात करायची सोय नव्या ब्राउझरच्या सेटिंगमध्येच असते. पासवर्ड फाइलमधून आणावे लागले तर काम झाल्यावर ती सीएसव्ही फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा, त्यात सगळे पासवर्ड कुणालाही वाचता येतील असे उघडे लिहिलेले असतात. एसएसडीसाठी लॅपटॉपचं मॉडेल इथे टाका, त्यात कुठली बसेल ते बघून सांगतो.