दरीतल्या आगगाडीचं कार्ड किती जुनं?

प्रश्न: मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे डेन्वरला गेले होते, तिथे जुन्या वस्तूंच्या बाजारात एका डब्यात ढीगभर पोस्टकार्डं होती, त्यातलं एक आवडलं म्हणून घेतलं. रॉयल गॉर्जची अरुंद दरी, खाली नदी आणि काठाने जाणारी वाफेची गाडी. मागे कोणी काही लिहिलेलं नाही, शिक्काही नाही. किती जुनं असेल? आणि पावसाळ्यात बुरशी लागेल म्हणून लॅमिनेट करून घेऊ का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, लॅमिनेशन अजिबात नको! ते गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्डाचा जीव घेतल्याशिवाय सुटत नाही, त्यापेक्षा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा.

आता वय. चित्र राहू दे, आधी कार्ड उलटं करा. मधोमध उभी रेघ आहे का? अमेरिकेत डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही सोय १ मार्च १९०७ ला आली, त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा आणि ख्यालीखुशाली पुढे चित्राच्या कडेला कुठेतरी कोंबायची, त्यामुळे रेघ नसेल तर तुमचं कार्ड बहुतेक त्याआधीचं. रेघ आहे आणि चित्राभोवती पांढरी पट्टी पण आहे, तर साधारण १९१५ ते १९३०. बोट फिरवल्यावर कापडासारखं खरखरीत लागलं तर त्यानंतरचं, त्याला 'लिनन' म्हणतात, असतो मात्र कागदच.

चित्रातली नदी आर्कान्सा. एका जागी दरी जेमतेम ३० फूट रुंद, रूळ टाकायला काठच नाही, म्हणून १८७९ मध्ये दोन्ही कड्यांना लोखंडी तुळया टेकवून त्यांना पूल टांगला, तोही नदी ओलांडायला नाही तर नदीच्या लांबीने! प्रवाशांना बघता यावं म्हणून गाड्या तिथे थांबायच्या, त्यामुळे कार्डंही त्याच जागेची खूप निघाली. दरीवरचा उंच झुलता पूल १९२९ चा, तो दिसत असेल तर कार्ड नक्की नंतरचं, पण नाही दिसला म्हणून आधीचं असं नाही हं, जुन्याच फोटोवरून वर्षानुवर्षं कार्डं छापायचे. रंगांवर तर विश्वासच ठेवू नका, बऱ्याचदा मूळ फोटो काळापांढरा आणि रंग छापखान्यातले, काही ठिकाणी तर दिवसाच्याच फोटोत चंद्र घालून रात्र केलेली असते.

मागच्या बाजूचा फोटो पाठवा, तिकिटाच्या चौकोनात बारीक अक्षरात काय छापलंय ते नीट दिसू दे.