एकट्याने अभ्यास करू नकोस

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. पहिल्या सेमिस्टरला गणित आणि मेकॅनिक्स राहिले. घरी सांगितलेलं नाही. रात्री दोनपर्यंत वाचतो, पण पेपरात काही सुचत नाही. माझ्यात चिकाटीच नाही. सोडून गावी जाऊ का? – एक विद्यार्थी

उत्तर : रात्री दोनपर्यंत बसणाऱ्या मुलात चिकाटी नाही, हे मला मान्य नाही. तू एकटा अभ्यास करतोस आणि नुसतं वाचतोस, घोडं तिथे अडलंय.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणिताचे अभ्यासक यूरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलस या गणिताच्या विषयात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. मुलं मेहनती होती, घरचा पाठिंबाही होता. पण ती एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं आधी आपापली गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून तपासत. त्यामुळे कुठे चुकतंय हे परीक्षेआधीच कळे, आणि अडणारे आपण एकटेच नाही हेही. ट्राइसमन यांनी अवघड गणितं गटाने सोडवण्याचे वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांत आलेल्यांचे निकाल चांगलेच सुधारले.

तूही तिघा-चौघांचा गट कर. विषय राहिलेली मुलं होस्टेलवर आणखी असतातच. आठवड्यातून दोनदा, दीड तास. जुन्या प्रश्नपत्रिकांतली चार गणितं प्रत्येकाने आधी वही मिटून सोडवायची, मग एकेकाने फळ्यावर समजावायचं. एकच हुशार मुलगा सगळं सोडवतोय आणि बाकीचे उतरवून घेताहेत, असं झालं की गट वाया गेला. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते, म्हणून समजल्याचा भास होतो. पेपरात ती पायरी स्वतः आठवावी लागते. संकल्पना मराठीत समजून घे, उत्तर मात्र इंग्रजीत लिहूनच सराव कर.

सरांकडे ‘काहीच कळत नाही’ म्हणून जाऊ नकोस. अर्धवट सोडवलेलं गणित ने आणि अडलेल्या ओळीवर बोट ठेव.

पुढच्या वर्षाला जायला किती विषय राहिलेले चालतात, हा नियम परीक्षा विभागात लेखी पाहा. मग याच आठवड्यात घरी फोन कर : ‘दोन विषय राहिलेत, परीक्षा अमुक महिन्यात आहे, तयारी अशी चाललीय.’ लपवण्यात तुझी निम्मी ताकद जातेय. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर लगेच १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

सोडायचं की नाही, हे या पद्धतीने अभ्यास करून दोन्ही पेपर दिल्यावर ठरव.