पेशीश्वसन शिकायला घेताना

पेशीश्वसनाचा, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते याचा, अभ्यास नव्याने सुरू करणारे बहुतेकजण क्रेब्ज चक्रातील (या प्रक्रियेतल्या अभिक्रियांच्या एका साखळीतील) संयुगांची नावे पाठ करायला घेतात. तुम्ही आधी इलेक्ट्रॉन कोठून निघतात आणि कोठे पोहोचतात, एवढेच पाहावे. पेशीद्रवात सहा कार्बनी ग्लुकोजपासून पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होतात आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे निव्वळ 2 रेणू हाती लागतात. पुढे तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो (त्यातला कार्बन अन्नातला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही), पण खरी कमाई इलेक्ट्रॉनांची असून एनएडीएचसारखे वाहक रेणू ते तंतुकणिकेच्या आतल्या पटलापर्यंत नेतात.

या पटलापाशी मात्र घाई करू नका. इलेक्ट्रॉन एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे जाताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्या बळावर प्रोटॉन दोन पटलांमधल्या पोकळीत ढकलले जातात, आणि धरणाचे पाणी टर्बाइनमधून उतरावे तसे ते एटीपी सिंथेस या विकरातून (एन्झाइममधून) परततात, तेव्हा या विकराचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो व एडीपीला फॉस्फेट जोडला जाऊन एटीपी बनतो. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलेली ही कल्पना सहजासहजी पचनी पडली नाही. नोबेल मिळायला 1978 साल उजाडले. ऑक्सिजन लागतो तो अगदी शेवटी, इलेक्ट्रॉन स्वीकारून पाणी बनवण्यासाठी.

जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे 36 किंवा 38 एटीपी असा हिशेब आढळेल, तर आता साधारण 30 ते 32 मानतात, कारण काही प्रोटॉन पटलातून गळतात आणि काही रेणूंच्या ने-आणीत खर्च होतात.