माळ्यावरचा जुना व्हॅक्यूम क्लीनर किती सालचा असेल?

गुहागरच्या घरात माळ्यावर लांबट इलेक्ट्रोलक्स सापडला, खाली घसरपट्ट्या आहेत, म्हणून तो १९२१ चाच का, असं विचारलंयत. नाही हो. त्या वर्षीच्या ‘मॉडेल व्ही’ला अशा पट्ट्या होत्या खऱ्या, पण ही ठेवण पुढे कित्येक दशकं चालली.

आधी पोटाखालची पाटी वाचा. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यानं ती गंजली असणारच. खोबरेलाचा बोळा लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ फडक्यानं पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, गंजाबरोबर आकडेही जातात. पेटंट क्रमांक दिसला तर ते पेटंट कोणत्या साली मिळालं ते शोधा. यंत्र त्याआधीचं नसतं. व्होल्टेज ११०-१२० असेल तर माल बहुधा अमेरिकेतला. (घरात कोणी बोटीवर नोकरीला होतं का?) ब्रिटिश बनावटीचा असेल आणि मूळ वायरच्या आत लाल-काळी-हिरवी तार असेल, तर साधारण १९७० पूर्वीचा धरा, नंतर तिकडे तपकिरी-निळी आली. वायर मागाहून बदललेली असेल तर मात्र हा पुरावा बाद.

आणि ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. तारांवरचं जुनं रबर बोटानं दाबलं तरी खारीसारखं चुरतं.