बारा वर्षं मोजायची कुठून?

प्रश्न : माझं माहेर कराड तालुक्यात. वडील २००८ साली गेले. आम्ही दोघी बहिणी, एक भाऊ. ‘वारस लावायचेत’ म्हणून भावानं तेव्हा आमच्या सह्या घेतल्या, आम्ही कागद वाचले नाहीत. सातबारा आता त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. दरवर्षी तो आम्हाला गूळ-ज्वारी पाठवायचा. यंदा अक्षय तृतीयेला हिस्सा मागितला तर म्हणाला, ‘सह्या दिल्यात, वर बारा वर्षं उलटली. तुमचं इथं काही नाही.’ आमचा हक्क बुडाला का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, बारा वर्षांचं कलम खरं आहे, मोजणी चुकीची आहे. वडील गेले त्या दिवसापासून ती मोजत नाहीत. मुदतीच्या १९६३च्या कायद्यानुसार, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला हिस्सा मागायला १२ वर्षं मिळतात. ती सुरू होतात वगळल्याचं त्याला कळतं तेव्हापासून. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी भाऊ तुमचा सहहिस्सेदारच, आणि एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनं धरतात. नुसता कसतो, पीक घेतो, म्हणून तो मालक होत नाही. तुमचा हक्क त्यानं उघड नाकारायला हवा, आणि तुमच्या पत्रावरून तो यंदाच नाकारलाय.

तो गूळ तुमच्या फार कामाचा आहे. दरवर्षी शेतातला माल बहिणींना पोचत होता, याचा अर्थ त्यांना वगळलेलं नव्हतं, असं म्हणता येतं. अर्थात भाऊ म्हणेल, ती माहेरची भेट होती. म्हणून माल आणणारा, पाहणारा कोणी साक्षीदार असेल तर आत्ताच आठवून ठेवा.

खरी मेख सह्यांत आहे. तुम्ही सातबारा पाठवलात, फेरफार नाही. नावं कशाच्या आधारे कमी झाली ते फेरफारात लिहिलेलं असतं. तलाठ्याकडे साधा अर्ज दिला असेल तर तेवढ्यानं हक्क सुटत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. फेरफाराची नोंद महसुलासाठी, तिनं मालकी ठरत नाही.

पण आठवून पाहा, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन तुम्ही फोटो, अंगठे दिले होते का? दिले असतील तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र असू शकतं. मग ते रद्द करून मागावं लागेल, आणि त्याला मुदत फक्त ३ वर्षांची, फसवणूक कळल्यापासून. समोरचा वकील म्हणणार, सही केली त्याच दिवशी कळलं. ‘वारस लावायचेत’ असं सांगूनच सही घेतली, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येईल. म्हणून १२ वर्षांच्या भरवशावर बसू नका, अक्षय तृतीयेपासून ३ वर्षंच धरून चाला.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बहिणी ‘माहेर तुटेल’ म्हणून थांबलेल्या असतात. मला ते समजतं, पण कोर्टाला त्याचं काही नसतं. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज चालतो, दाव्याला चालत नाही. बैठका, वकिलाची नोटीस यांनी मुदत थांबत नाही. मुदत संपण्याआधी भावानं ‘बहिणींचा हिस्सा आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर मात्र ती नव्यानं मोजतात.

आधी फेरफाराची नक्कल काढा. त्यात दस्त क्रमांक असेल तर निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित प्रत घ्या आणि दोन्ही कागद घेऊन कराडला दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला भेटा. धाकट्या बहिणीलाही सोबत न्या. वाटपाच्या दाव्यात तिला पक्षकार करावंच लागेल.