दोन चिमुकले की एक मूठभर?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. गेले सहा महिने हॅमस्टर हवा म्हणून मागे लागलीय. सासूबाईंचं म्हणणं, ‘पैसे देऊन उंदीर आणायचा?’ तरी एका दुकानात जाऊन आलो. तिथे चार नावं ऐकली : टेडी बेअर, पांडा, रशियन आणि अंगठ्याएवढा ‘रोबो’. लेकीला रोबोच हवेत, तेही दोन. दुकानदारही म्हणाला, ‘जोडीच न्या, एकट्याला करमत नाही.’ आम्ही दोघं नोकरी करतो, घरी यायला सात वाजतात. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. कुठली जात घ्यावी?
– एक आई, कोथरूड

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा मुद्दा अगदीच मोडीत काढण्यासारखा नाही. गणपतीत मूषकापुढे मोदक आणि एरवी सापळ्याला भजं, अशा घरात मीही वाढले. हॅमस्टर कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांतलाच, उंदराच्या नात्यातला. फक्त शेपूट नावालाच असते आणि गालांत दोन पिशव्या असतात, त्यामुळे लोकांना तो गोड वाटतो. सासूबाईंना एकदा त्या पिशव्या भरताना दाखवा. आमच्या सासूबाईंचा विरोध तिथेच मावळला होता. ‘अगं, हा तर आपल्या काकूंसारखा साठवण करतो,’ म्हणाल्या.

आता ती चार नावं. टेडी बेअर आणि पांडा या जातीच नव्हेत. दोन्ही सिरियन हॅमस्टरच. लांब केसांचा तो टेडी बेअर, काळा-पांढरा तो पांडा. ‘रशियन’ म्हणून जे विकतात ते कॅम्पबेल किंवा विंटर व्हाइट, पाठीवर काळसर पट्टा असलेले बुटके. बहुतेक वेळा दोघांचा संकर असतो आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. रोबोचं पूर्ण नाव रोबोरोव्स्की. त्याच्या पाठीवर पट्टा नाही, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया आहेत. जगात पाळली जाणारी पाचवी जात चायनीज, तिची शेपूट चांगली दिसण्याइतकी लांब. ती मी पुण्यात क्वचितच पाहिली, तेव्हा सोडून देऊ.

म्हणजे तुमच्यापुढे चार नाही, तीनच पर्याय आहेत. माझं उत्तर : एक सिरियन. आखूड केसांचा, शक्यतो नर. आणि एकच.

‘एकट्याला करमत नाही’ हे वाक्य मीही ऐकलं होतं, आणि माझ्यासारख्या प्राणिशास्त्राच्या बाईनं त्यावर विश्वास ठेवला, याची लाज आजही वाटते. करमणं-न करमणं हे माणसांचं. सिरियन रानात बिळात एकटा राहतो आणि वयात आला की आपल्या हद्दीत दुसरा खपवून घेत नाही, सख्खा भाऊ का असेना. तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहायचो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दिलेल्या दोन सिरियन मी आणल्या. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच एका सकाळी घरट्यात गुलाबी, सोललेल्या शेंगदाण्यासारखी नऊ पिल्लं! सिरियनचं गरोदरपण अवघं सोळा दिवसांचं. त्याच रात्री त्या बाळंतिणीनं दुसऱ्या ‘मादी’चा कान फाडला. पहाटे चारला ते कुईकुई ऐकून मी उठले, उजवा हात चावून घेतला आणि बिचाऱ्या बापाला चपलांच्या खोक्यात घालून सकाळी रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं. पुढे पिल्लं चार आठवड्यांची होताच नर-माद्या वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर तीही वंशविस्ताराला लागतात. आणखी काही आठवड्यांत तर प्रत्येकाला स्वतंत्र घर लागलं. आमच्या हॉलमध्ये एकेकाळी अकरा डबे होते. पाहुणे आले की मी वर चादर टाकायचे.

जगात पाळले जाणारे जवळजवळ सगळे सिरियन एकाच घराण्यातले आहेत, हेही लेकीला सांगा. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियातल्या अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतातलं बीळ खणून एक आई आणि तिची पिल्लं मिळवली. त्या धावपळीत आईनं आपलंच एक पिल्लू मारलं. उरलेल्यांपासून पुढची सगळी वंशावळ. बाळंतिणीला डिवचू नये हे तेव्हापासून ठाऊक आहे, तरी दुकानात लोक पिंजऱ्यावर टकटक करतातच.

रोबोचं म्हणाल तर प्राणी देखणा, मला स्वतःला सर्वांत आवडतो. पण तो बघायचा प्राणी आहे, धरायचा नाही. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साखर. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या वाळूत धावून धावून बनलेला. हातात घेतलात की बोटांच्या फटीतून पाऱ्यासारखा निसटतो, आणि तुमच्या घरात सोफा, फ्रिज आणि वॉशिंग मशिन तिन्ही आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला प्राणी मांडीवर हवा असतो. आठवडाभर तो हाती लागला नाही की तिचा विरस होणार, आणि ती जोरात धरू लागली की त्याचं मरण. सख्खे रोबो भाऊ किंवा बहिणी मोठ्या काचेच्या टाकीत एकत्र राहतातही, पण बिनसलं की एका रात्रीत बिनसतं. त्या रात्री दुसरी टाकी तयार असायला हवी. पहिल्याच खेपेला ही कसरत नको.

सिरियन मूठभर असतो, सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा. त्याची चाल संथ, त्यामुळे हाताचा वास ओळखून जवळ यायला त्याला सवड मिळते. नजर कमजोर असते, उंचीचा अंदाज नसतो. म्हणून लेकीला पहिल्या दिवसापासून नियम घाला : हॅमस्टर हातात घ्यायचा तो फरशीवर मांडी घालून. टेबलावरून पडून पाय मोडलेला हॅमस्टर मी पाहिलाय. आणि तुम्ही सातला घरी येता हे चांगलंच आहे, कारण स्वारी उठते तीच आठ-नऊला. दुपारी शाळेतून आल्यावर त्याला उकरून उठवायचं नाही. झोपमोड झालेला हॅमस्टर चावतो, आणि त्यात त्याची चूक नाही. नर अशासाठी सुचवला की मादी दर चार दिवसांनी माजावर येते आणि त्या रात्री जरा जास्तच येरझाऱ्या घालते. नर मोठा झाला की मागच्या बाजूला दोन गाठी दिसतात. ती वृषणं, आवाळू नव्हे. दर वर्षी याबद्दल घाबरून कोणीतरी मला विचारतंच.

जातीइतकाच मोठा प्रश्न तुमच्या वरच्या मजल्याचा. वीस ते चोवीस अंश हे त्याचं सुखाचं तापमान. तिशी ओलांडली की त्रास सुरू, आणि पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याच वेळी घरात कोणी नसतं. आखूड केसांचा म्हणाले ते यासाठीही. टाकी बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लावू नका. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पसरतो. कुंभारवाड्यातून मिळणारं लहान मडकं आडवं ठेवलं की थंड घरही झालं. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवा. कूलरचा झोत थेट सोडू नका. एवढं करूनही खोली तापत असेल, तर उन्हाळ्यापुरता खालच्या मजल्यावरचा एखादा शेजारी गाठा. मे महिन्यातला वाढदिवस असेल तर हॅमस्टर जूनमध्ये आणा, हे मी आग्रहानं सांगेन.

पिंजरा दुकानातला रंगीत नळ्यांचा घेऊ नका, तो बाहुलीचं घर असतो. फिश टँक बनवणाऱ्याकडून चार फूट लांब, दीड-दोन फूट रुंद काचेची टाकी करून घ्या, वर जाळीचं झाकण. एका बाजूला वीतभर खोल कोऱ्या कागदाच्या कपट्यांचा थर द्या, त्याला बिळं करायची असतात. सुताराकडचा फुकट भुसा आणू नका, त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते. कापसाचा मऊ बिछानाही नको, पायाला धागे गुंडाळतात. चाक भरीव पट्ट्याचं, दहा-अकरा इंच व्यासाचं. लहान चाकात पाठ वाकते. बुटक्यांना सात-आठ इंचांचं चालतं.

खायला मार्केट यार्डातल्या भुसार दुकानातून बाजरी, राळे, ज्वारी, गहू मिसळून आणा, आत चिमूटभर जवस. सूर्यफुलाच्या बिया मोजून द्या, नाहीतर तेवढ्याच वेचून खातो. कधी काकडीची चकती, कोथिंबिरीची काडी, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यातला नखाएवढा तुकडा. कांदा, लसूण, संत्रं, चॉकलेट नाही. आणि आजी कौतुकानं चिक्की-गूळ देतील, तर तेही नाही : चिकट पदार्थ गालाच्या पिशवीत अडकून बसतो.

आणायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी पाहणारे डॉक्टर जवळ कोण, ते फोन करून विचारून ठेवा, प्रसंग पडल्यावर नको. दोन, लेकीला वय सांगा. सिरियन दोन-अडीच वर्षं जगतो, रोबो तीनपर्यंत, बाकीचे दीड-दोन. म्हणजे चौथीत आणलेला सिरियन ती सहावी-सातवीत असताना जाईल. माझ्या भाचीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानात संध्याकाळी उशिरा जा, जागे असतात. शेपटीखाली ओलं दिसणारा, एका कोपऱ्यात आकसून बसलेला घेऊ नका. लहान सिरियनना जुलाबाचा एक आजार होतो, त्यात ते एक-दोन दिवसांत जातात. नर-माद्या एकाच पिंजऱ्यात दिसल्या तर सरळ बाहेर पडा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र मागून बघा. कपाळाला आठ्या पडल्या तरी मागा.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे आमचा सिरियन लाकडासारखा गार पडलेला दिसला. यजमानांनी कुंडीत पुरायला खड्डाही केला. पुरायच्या आधी लेकाच्या हातात तो हलला! आता ठीक आहे. पण हे काय होतं?
– एक गृहिणी, औंध

उत्तर : तुमच्या लेकाला माझ्याकडून एक चिक्की द्या. (हॅमस्टरला नको.) शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा उघड्या गॅलरीतला सिरियन शीतनिद्रेत जातो. श्वास इतका मंद की मिनिटभर बघत बसल्याशिवाय कळत नाही. मिशांकडे नीट पाहा, पोटाला हात लावा, अंग ताठलेलं आहे की लवतंय ते बघा. शंका असेल तर ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्यायची, अर्धा-एक तास. गरम पाण्याची पिशवी थेट लावायची नाही. शुद्धीवर आला की पाणी, खाणं आणि डॉक्टर. पिंजरा गॅलरीतून आत आणा, आजच.

प्रश्न : सहा महिन्यांचा ‘रशियन’ आहे. हल्ली पाण्याची बाटली दीड दिवसात रिकामी करतो, पिंजरा सतत ओला असतो. भूक चांगली, पण बारीक झालाय. रोज सफरचंद, केळं, मनुका देते. जास्त पाणी पितोय म्हणून बाटली रात्री काढून ठेवू का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : मुळीच नको. ही लक्षणं मधुमेहाची वाटतात. कॅम्पबेलमध्ये तो घराण्यातच असतो, आणि तुमचा रशियन शुद्ध विंटर व्हाइट आहे हे छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. म्हणून बुटक्या पट्टेरी हॅमस्टरला कॅम्पबेल समजूनच वाढवावं : फळं बंद, मनुका बंद, गोड पाकिटं बंद. पालेभाजी आणि काकडी चालेल. पिंजऱ्याचा एक कोपरा रिकामा करून तिथलं ताजं मूत्र ड्रॉपरनं उचला आणि या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या, पट्टीवर साखर तपासता येते. तोवर बाटली एकाऐवजी दोन लावा.